बुधवारचा भोंगा

बदलापूरच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, तिथे परीक्षा जवळ आली की मला मुलांसमोर उभं करतात. विषय ठरलेला: तीन तासांच्या पेपरात वेळ कसा वाटून घ्यायचा. मी फळ्यावर रकाने आखते. उताऱ्याला किती, कवितेला किती, पत्राला किती. मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत करायचं तेच करतात. मुख्याध्यापकांना वाटतं, हे मला छान जमतं. मला मात्र ते रकाने बघून आजही संताप येतो.

नववीत मी मोरिवली गावच्या शाळेत होते, आणि इंग्रजीत माझी एकच बोंब होती. उताऱ्यातला एक शब्द अडला की मी पुढे जायचेच नाही. सगळं मनातल्या मनात मराठीत करून बघायचे, आणि मधेमधे मनगटावरच्या घड्याळाकडे बघून हातपाय गाळायचे. सहामाहीला शेवटच्या पत्रलेखनापर्यंत पोचले, ‘डिअर सर’ लिहिलं, आणि बाईंनी पेपर ओढून घेतला. त्या सरांना मी काय कळवणार होते ते राहूनच गेलं. वर्गशिक्षिकांनी आईला बोलावून सांगितलं, वार्षिकला असंच झालं तर दहावीत घेणार नाही. माझी काकू उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात शिवून झालेल्या पँटींचे धागे कापायला जायची. मी नापास झाले तर तिच्याबरोबर जायचं, हे घरात जवळजवळ ठरलंच होतं. काकूने माझ्यासाठी छोटी कात्रीसुद्धा आणून ठेवली होती.

एकटे पप्पा त्याला तयार नव्हते. ते एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. इंग्रजीशी त्यांचा संबंध ड्रमवरच्या लेबलांपुरता. पण माझी अर्धी कोरी उत्तरपत्रिका त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “घड्यालाकडं बघत बसतेस नि लिवायचं ऱ्हातं. घड्याल घरी ठेव. भोंग्यावर जा.”

त्यांच्या कंपनीत धोक्याचा भोंगा होता. तो चालतो की नाही हे बघायला दर बुधवारी दुपारी बाराला तो वाजवत. त्यामुळे गावात त्याला कुणी दचकायचं नाही. आमचं भिंतीवरचं घड्याळ आठवड्याला चार-पाच मिनिटं मागे पडायचं, ते आई त्या भोंग्यावर लावायची. वार्षिकचा इंग्रजीचा पेपर नेमका बुधवारी आला, अकरा ते दोन. पप्पा एकदम खूश. “भोंगा झाला की पॅसेज सोडायचा. पुरा होवो नायतर ना होवो!” रविवारी ते माझा सराव घेत. दारात उभे राहून तोंडाने भोंगा वाजवत, आणि मी हसत हसत उतारा सोडून कवितेवर जात असे. शेजारचे म्हणत, बापाला लागलंय खूळ.

त्या बुधवारी मी घड्याळ घरीच ठेवून गेले. उतारा मधमाश्यांवर होता. दुसऱ्याच ओळीला मी अडकले. डोकं खाजवत बसले होते तोवर भोंगा झाला. इतक्यात बारा? पण ठरलं होतं म्हणून तीन प्रश्न तसेच टाकून पुढे गेले. भोंगा नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजत राहिला. खिडकीजवळची मुलं माना वर करून बघायला लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, “टेस्टिंग आहे रे, लिहा.” कसलासा उग्र वास आला म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. वासाचंही आमच्याकडे कुणाला नवल नव्हतं.

मला तर तो भोंगा म्हणजे पप्पांनी पाठीत घातलेला धपाटाच वाटला. मी भराभर लिहीत सुटले. कविता झाली, व्याकरण झालं. पाणी वेळेवर येत नाही म्हणून नगरपालिकेला तक्रारीचं पत्र होतं, ते सहीसकट पुरं झालं. तरी वेळ उरला! मी मागे जाऊन मधमाश्याही संपवल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझा पेपर पुरा झाला होता, आणि पप्पा घरी आले की त्यांना काय काय सांगायचं ते मी ठरवत होते.

फाटकाशी काका मोटरसायकल घेऊन उभे होते. “बस पटकन. पप्पांना दवाखान्यात नेलंय.”

प्लँटमध्ये पाइप फुटून उकळतं केमिकल त्यांच्या अंगावर आलं होतं. पट्ट्यांमधून फक्त डोळे दिसत होते. त्यांनी बोटांनी लिहिल्यासारखं केलं. मी म्हटलं, “पुरा झाला पप्पा. पत्रपण.” त्यांनी डोळे मिटले. शुक्रवारी ते गेले.

पुढच्या बुधवारी घर भेटायला आलेल्या माणसांनी भरलेलं होतं. भोंगा झाला. नेहमीप्रमाणे कुणी दचकलं नाही. आईची नजर सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. “आज टायमावर वाजला,” ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं. त्या दिवशी बारा वाजलेच नव्हते. पेपर हातात येऊन अर्धा तासही झाला नसेल. पप्पा भाजत होते म्हणून भोंगा लवकर झाला, आणि भोंगा लवकर झाला म्हणून मला पत्राला वेळ मिळाला. तो ऐकून मला आनंद झाला होता, हे मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

इंग्रजीत चांगले मार्क पडले. वर्गशिक्षिकांनी मला वर्गात उभं केलं. त्यांच्या मनात चांगलंच होतं. “बघा, वेळ नीट वाटून घेतला की कसं होतं,” म्हणाल्या, आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

जूनमध्ये मी दहावीत गेले. काकूने माझ्यासाठी आणलेली कात्री घेऊन आई कॅम्प पाचला जाऊ लागली.