चव लिहून पाठव

जर्मन बिअरचं ते खोकं नवऱ्याने स्वतःसाठी आणलं होतं. पुठ्ठ्याला चोवीस छोटी दारं, प्रत्येक दारामागे वेगळ्या बिअरचा कॅन, आणि डिसेंबरच्या एक तारखेपासून ख्रिसमसपर्यंत रोज एकच दार उघडायचं. इथे सिंगापुरात, सेरंगूनच्या मॉलमधून टॅक्सीत मांडीवर घेऊन तो आला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या शिपिंग कंपनीचा फोन. एका जहाजावरचा चीफ इंजिनिअर आजारी पडला होता, महिनाभरासाठी बदली माणूस हवा होता.

"बोटीवर थेंबही चालत नाही," बॅग भरताना तो म्हणाला. "तू पी. रोज एक. आणि चव लिहून पाठव. चोवीसला मी घरी असेन, शेवटची माझी."

मी म्हणजे पार्टीत लिंबूसोड्याचा ग्लास धरून उभी राहणारी बाई. पण तो समुद्रावर असताना त्याने काही मागितलं, तर मी नाही म्हणत नाही. तेवढी मी भित्री आहे.

खोकं सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. त्यामुळे बिअर कायम कोमट. आदल्या दिवशी दार उघडून कॅन फ्रिजमध्ये ठेवायला त्याची सक्त मनाई. म्हणे ते चीटिंग. शेवटी खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपाशी बिअर पीत बसलेले काका घालतात तसा मी ग्लासात बर्फ घातला आणि लिहिलं, "कडू."

उत्तर आलं, "बर्फ? जर्मन माणूस रडेल. आणि कडू ही चव नाही, तक्रार आहे. नीट लिही."

मग मीही पेटले. चौथ्या दिवशी लिहिलं, शिकरणात लवंग पडल्यासारखी. सातव्या दिवशी, भाकरीचा करपलेला पापुद्रा. अकरावी काळी आणि दाट होती, ती म्हणजे गूळ जरा जास्तच तापवलेला. तेराव्या बिअरला चक्क धुराचा वास होता. वांगं भाजताना गॅसपाशी उभी आहे असं वाटतंय, असं कळवलं. "इंजिनरूमचा वास घरबसल्या प्यायला लागलीस," त्याने लिहिलं. दोन घोटांनंतर उरलेली बिअर मी रोज सिंकमध्ये ओतते, हे मात्र त्याला सांगितलं नव्हतं.

सोळाव्या दिवसाचा निरोप एका टिकवर अडकला.

बोटीवरचं इंटरनेट अधूनमधून रुसतं, म्हणून पहिले दोन दिवस मी मनाला लावून घेतलं नाही. निदान लेकीसमोर तरी नाही. अठराला कंपनीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, व्हेसल सेफ आहे. कम्युनिकेशनचा थोडा इश्यू आहे." व्हेसल सेफ, आणि माणसं? ती जराशी थांबली. मग म्हणाली, "सगळे ऑनबोर्ड आहेत." ते थांबणं मी दिवसभर मनात उलटसुलट करून पाहत राहिले.

एकोणीसला मला खोक्याजवळ जाववेना. दार उघडलं नाही तर आजचा दिवस धरलाच जाणार नाही, असं काहीतरी वेडगळ डोक्यात आलं होतं. अकरा वर्षांच्या लेकीने मात्र शाळेची पुस्तकं बाजूला सारून विचारलं, "मम्मा, टुडेज् वन नॉट ओपन येट? बाबा सेड एव्हरी डे वन. कॅनॉट स्किप, लाह."

उघडली. तोंडात नुसतं पाणी धरल्यासारखं वाटलं. मी लिहिलं, "आज चव कळली नाही. मला भीती वाटतेय." बोटीवरच्या माणसाला असलं काही लिहायचं नाही, हे चौदा वर्षं पाळलं होतं. पुसून टाकावंसं वाटलं, पण पुसलं नाही.

एकवीस तारखेला दुपारी कुकर लावलेला असताना त्याचा फोन आला. आवाज इतका घोगरा की आधी ओळखलाच नाही. "छोटी आग लागली होती. विझवली. थोडा धूर गेला घशात. पुढच्या बंदरात उतरून विमानाने येतोय." मग म्हणाला, "एकोणीसचं वाचलं." मी फक्त "बरं" म्हटलं. फोन ठेवला, गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसून रडले.

चोवीसला तो आला. मी नियम मोडून शेवटचा कॅन आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवला होता. लेकीने तो गार कॅन आणून दिला, तरी नवरा चीटिंग म्हणून ओरडला नाही. मला तेच खटकलं.

त्याने एक घोट घेतला. मग दुसरा.

"कशी आहे?" मी विचारलं.

त्याने ग्लास माझ्याकडे सरकवला. "त्या दिवसापासून मला वास येत नाही. चवही नाही. डॉक्टर म्हणतात, परत येईल. कदाचित. तूच सांग."

मी घोट घेतला. चव नीट कळावी म्हणून आणखी एक.

"आधी मध," मी म्हटलं. "मग संत्र्याची साल. खाली कुठेतरी भाजलेली बडीशेप."

तो डोळे मिटून ऐकत होता. "पुढे?"

मी पुन्हा ग्लास उचलला. त्या दिवशी सिंकमध्ये काहीच ओतलं नाही.