पिवळे गोंडे

आधी ते तुमच्या मफलरीचं टोक दोन बोटांत धरायचे. मग ते किंचित ताणायचे, उजेडाकडे करून वीण बघायचे आणि अगदी सहज विचारायचे, "बाबू, उसवलं तर किती निघंल यातून?"

मी येडशी स्टेशनावर तिकीटबाबू म्हणून रुजू झालो, त्याच सकाळी माझ्या मफलरीची अशी तपासणी झाली. मफलर आईनं विणलेली होती. मी ती झटकन कोटाच्या आत खुपसली, तसे ते हसले. "घाबरू नका. अजून दोन थंड्या जातील तिच्या. मग बघू."

ते आमच्या स्टेशनाचे सांधेवाले. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे सांधे बदलायचे, बावटा दाखवायचा, हे त्यांचं नोकरीतलं काम. सगळे त्यांना चाचा म्हणत. पण तुम्ही त्या काळात आमच्या बाजूच्या कुठल्याही गावात जाऊन 'येडशीचे चाचा' म्हणाला असता, तर कुणी रुळांचं नाव काढलं नसतं. लोक म्हणाले असते, "गोंडेवाले व्हय?"

पोळा आला की पंचक्रोशीतल्या बैलांच्या शिंगांना आणि कपाळाच्या माथोटीला चाचांचे लोकरीचे गोंडे लागत. मोहरमच्या पंजांना लागत. दिवाळीत स्टेशनच्या दारावर आंब्याच्या पानांच्या तोरणात मधूनमधून गोंडे असत. आमच्या मार्गावर एक गोव्याकडचे गार्डसाहेब होते, त्यांच्या डब्याच्या दाराला नाताळात लाल-पांढऱ्या गोंड्यांची माळ लटकायची आणि साहेब ती पुढच्या स्टेशनांवर मुद्दाम दार उघडं ठेवून मिरवायचे. कुणाकडे बाळ झालं की टोपडं त्या घरचं आणि त्यावरचा गोंडा चाचांचा, असं ठरूनच गेलं होतं.

आता एवढी लोकर यायची कुठून, हा मला पडलेला पहिला प्रश्न. लढाईचे दिवस. कापडसुद्धा परवान्यावर मिळायचं, तिथं रंगीत लोकर कोण देतो? आमच्याकडची मेंढी काळी, तिची लोकर राठ. तिची घोंगडी छान होते, पण गोंडा नाही. म्हणून चाचा उसवत. फाटका स्वेटर, एकटा उरलेला पायमोजा, कसर लागलेली कानटोपी, काहीही. अशी वस्तू त्यांच्या नजरेला पडली की वस्तू दिसायचीच नाही, आतला धागाच दिसायचा. दुपारची गाडी गेली की सांध्यांच्या केबिनच्या पायरीवर बसून ते एक टोक शोधत आणि मग सर्र सर्र ओढत जात. ते ऐकत बसायला मला फार आवडायचं.

मला चौकशीची खोड पहिल्यापासून आहे. मी शेजारी बसून बघत राहायचो. फाटलेलं, रद्द झालेलं पुठ्ठ्याचं तिकीट घेऊन त्यावर धागा गुंडाळायचा. मोठा गोंडा हवा असेल तर तळहातावर. मग मधोमध कंबर आवळायची आणि दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापायचं. कंबर बांधायला त्यांना तेरखेड्याचीच सुतळी लागे, तिथले दारूकामवाले फटाक्यावर आवळतात ती. "हाताला सुटत नाही ही," असं म्हणून ते दातानं ओढून दाखवत. शेवटी गोंडा चहाच्या वाफेवर धरायचा. मिटलेलं लोकरीचं बोचकं बघता बघता फुगून गोल व्हायचं. ते व्हायचं तेव्हा चाचांचाही चेहरा बदलायचा, आणि दर वेळी बदलायचा. एवढे गोंडे करूनही या माणसाला नवल कसं वाटतं, याचंच मला नवल.

रंगात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाजारातून पुडी आणायची, तुरटी घालायची आणि उकळायचं. कुठल्या लोकरीवर कुठला रंग चढेल हे ते बोटांनी चाचपून सांगत. "पांढऱ्यावर सगळं चढतं. पिवळ्यावर हिरवं चढतं. खाकीवर मात्र विटकरी नाही तर काळं. खाकी हट्टी."

आमचे स्टेशनमास्तर मद्रासकडचे. त्यांच्या बायकोनं विणलेली पिवळीधमक टोपी चहाच्या किटलीवर बसवलेली असे. चाचा रोज त्या टोपीकडे बघायचे. मास्तर रोज किटली जरा स्वतःकडे ओढून घ्यायचे. हे युद्ध मी आल्यापासून चालू होतं.

अशात एका श्रावणात ती बाई आली.

रामलिंगाच्या देवळापलीकडच्या वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरची. चाचा तिला आक्का म्हणत. तिनं पदराखालून एक खाकी स्वेटर काढला, पलटणीत मिळतो तसला, जाड, कोपरांवर ठिगळाचा. चाचांनी सवयीनं त्याचं टोक दोन बोटांत धरलं. मी नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो, पण त्यांनी टोक सोडलं आणि बाईकडे बघितलं.

"पोराचं हाय," ती म्हणाली. "रजेवर आल्ता तवा ठिवून गेला. म्हनला, थंडीत येतो मग घालीन. पोळ्याला ह्याचेच गोंडे करा चाचा."

"याचेच कशाला? माझ्याकडे लाल आहे ना."

"हरण्या उभा ऱ्हात न्हाय. गेल्या पोळ्याला दिराला पाडलं त्यानं. माथोटी बांधूच देईना. त्याला वासरापासनं पोरानं वाढवलाय, दुसऱ्याचा हात लागू देत न्हाय. पोराच्या सुटराचा वास आला तर उभा ऱ्हाईल, असं वाटतंय."

चाचांनी विचारलं, "पोराचं पत्र?"

"न्हाय. बरमाकडं गेल्यापासनं काय बी न्हाय."

"सरकारकडून काही?"

"न्हाय. त्ये बी न्हाय."

ती गेल्यावर चाचा स्वेटर मांडीवर घेऊन बसले. गाडीची वेळ झाली तसे उठून सांधा टाकून आले, पुन्हा बसले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "चाचा, चांगली शेरभर लोकर निघेल. अडलं कुठं?"

"बाबू, पोरगा जिवंत असेल तर त्याचा कपडा मी कसा उसवू? येऊन मागितला तर काय देऊ त्याला, गोंडे? आणि नसेल, तर गेलेल्या माणसाच्या कपड्याचे गोंडे करून सणाच्या दिवशी बैलाच्या कपाळावर बांधतात काय? तुमच्यात चालतं?"

"नाही चालत."

"आमच्यातही नाही," ते म्हणाले. "म्हणजे कसंही बघा, कात्री लावता येत नाही."

खरं सांगतो, इतका विचार मी केलाच नव्हता. बाईनं तरी केला होता की नाही, कोण जाणे. पण एवढं मला त्या वेळी कळलं, की त्या स्वेटराचा एक टाका जरी सुटला तरी पोराचा निकाल लावल्यासारखं होणार होतं. आणि तो निकाल लावायचं काम चाचांच्या कात्रीवर येऊन पडलं होतं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. मास्तरांच्या किटलीवरची टोपी नाहीशी झाली. मास्तरांनी आधी माकडांवर संशय घेतला, मग माझ्यावर. आणि चाचांच्या केबिनमध्ये पिवळे गोंडे दिसू लागले, गरगरीत, झेंडूला लाजवतील असे. ते टोपलीत नव्हते. खाकी स्वेटराच्या पोटात घालून, बाह्यांनी गुंडाळून, वर गाठ मारून ते गाठोडं लोखंडी पेटीत ठेवलं होतं.

"वास मुरतोय," चाचा म्हणाले. लोणच्याबद्दल बोलावं तसे.

बाई न्यायला आली तेव्हा त्यांनी गाठोडं आधीच सोडून स्वेटर पेटीच्या तळाशी ठेवला होता. तिच्या हातात फक्त गोंडे दिले. तिनं ते नाकाला लावले, बराच वेळ लावून ठेवले, आणि म्हणाली, "व्हय. त्याचाच वास हाय." मग जाताना एकदा पेटीकडे बघितलं. मला तेव्हा वाटलं, उगाच बघितलं असेल.

पोळ्याला मी चाचांबरोबर वस्तीवर गेलो. मला बघायचंच होतं की वासाचं हे प्रकरण चालतं की नाही. तुम्हीही आला असता. हरण्या म्हणजे पांढरा, उंच, गळ्याखालची पोळी लोंबणारा बैल. चौघांनी कासरे धरले होते. दीर माथोटी घेऊन पुढे झाला, तशी बाईनं ती त्याच्या हातातून घेतली. बायकांनी बैलाला ओवाळायचं, माथोटी बांधायची पुरुषांनी, अशी तिथली रीत. म्हातारा सासरा काहीतरी पुटपुटला. तिनं ऐकलं नाही. तिनं गोंडे हरण्याच्या नाकाशी धरले. बैलानं फुरफुर केली, हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि मान खाली घातली. तिनं सावकाश गाठ मारली आणि तशीच त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिली.

चाचा परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "वास चढला म्हणायचा." मी मात्र आजही ठामपणे सांगू शकत नाही, की तो स्वेटराचा वास होता की तिच्या हाताचा. आदल्या पोळ्यालाही दिराच्या ऐवजी तीच पुढे झाली असती तर? पण असले प्रश्न मी चाचांना विचारले नाहीत. ते खुशीत होते. मास्तरांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते आधी तापले, मग किटलीवर टॉवेल गुंडाळला आणि घरी काय सांगायचं याच्या विवंचनेत पडले.

लढाई संपली. पलटणीतली पोरं गाड्यांनी परत येऊ लागली. प्रत्येक गाडीला चाचा बावटा दाखवून झाला की डब्यांवरून नजर फिरवायचे. आक्काचा मुलगा आला नाही. ती मात्र दर पोळ्याआधी गोंडे घेऊन यायची. चाचा ते विंचरून, वाफेवर धरून पुन्हा फुगवून द्यायचे, आणि त्याआधी काही दिवस स्वेटरात मुरवून ठेवायचे. त्या स्वेटराला ते उन्हं दाखवत, कडुनिंबाचा पाला घालत. तो तिच्यासमोर कधी निघाला नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

मग निजामी गेली. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या भीतीनं आमच्यातली किती घरं गाव सोडून गेली होती. नंतर वारं फिरलं आणि चाचांच्या लोकांना भीती वाटू लागली. ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, तेही निघून जाऊ लागले. कोण कुठे गेलं हे मोठ्यानं विचारायची सोय नव्हती.

एका सकाळी चाचा माझ्या खिडकीसमोर उभे होते. बावटा न घेता, डोक्यावर धुतलेली टोपी. त्यांनी कुर्डुवाडीचं तिकीट मागितलं.

"पुढे कुठं, चाचा?"

"बघू. गाडी नेईल तिकडं." मग त्यांनी एक गाठोडं खिडकीतून आत सरकवलं. "हा ठेवा तुमच्यापाशी. श्रावणाआधी ऊन द्या. कसर फार लवकर लागते याला."

"आक्का आली तर देऊ?"

"ती मागणार नाही. पण मागितला तर देऊन टाका. तिचाच आहे."

मी बाहेर येईपर्यंत ते डब्यात चढले होते. त्या दिवशी सांधे दुसऱ्या कुणी बदलले. चाचांचं त्यानंतर मला काही कळलं नाही. मी गार्डसाहेबांना विचारलं, कुर्डुवाडीच्या बाबूंना विचारलं. त्यांची आठवण मला फार येत राहिली, हे सांगायला मला संकोच नाही.

पुढच्या श्रावणात आक्का आली. केबिनमध्ये नवीन माणूस बघून ती सरळ माझ्याकडे आली. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं. मग मी कपाटातून स्वेटर काढला आणि म्हणालो, "आक्का, एक सांगायचं राहिलंय. हा चाचांनी कधी उसवलाच नाही."

तिनं तो हातात घेतला नाही. फक्त बाहीच्या काठावरून बोट फिरवलं.

"खाकीतनं पिवळं निघतंय व्हय बाबू?" ती म्हणाली. "आमी मेंढरं राखनारी मानसं. पयल्याच साली वळखलं म्या."

खाकी हट्टी असते हे मला चाचांनीच शिकवलं होतं. रंगाचा एवढा जाणकार माणूस विटकरी गोंडे करून सहज फसवू शकला असता. मग पिवळेच का केले? तिला कळावं म्हणून? की कळलं तर कळू दे म्हणून? मी आजवर यावर खूप विचार केलाय.

"मग बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? घरात समदी म्हनत्यात, पोरगं न्हाय आता, त्याचे दिवस घाला. सासरे म्हनत्यात, दीर म्हनतोय. म्या न्हाय म्हनते. चाचा त्याचं सुटर जपून ठिवतोय, म्हंजी त्याला बी वाटतंय की पोरगं येईल. दोघं झालो ना मग आमी. येकटीला न्हाय म्हनायला बळ पुरत न्हाय."

बाहेर मालगाडीच्या इंजिनात पाणी भरत होते. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"घरी न्या आता," मी म्हणालो.

"घरी न्हेलं तर त्ये लोक नदीवर सोडून येतील." मग तिनं विचारलं, "तुमी ठिवता का?"

मी ठेवतो म्हणालो. तिनं खिडकीवर ठेवलेली गोंड्यांची पुरचुंडी उचलली, पदर सारखा केला आणि रूळ ओलांडून गेली.

ती नंतरही काही वर्षं पोळ्याआधी येऊन खिडकीशी उभी राहायची. स्वेटराचा विषय काढत नसे, पाऊसपाणी विचारून जायची. पुढे माझी बदली झाली. मला नोकरीत मिळालेल्या प्रत्येक घरी तो स्वेटर आला आहे. दर उन्हाळ्यात मी तो बाहेर टाकतो, आणि संध्याकाळी पाला घालून पेटीत ठेवतो.

परवा सूनबाई म्हणाली, "मामंजी, हा कुणाला होत नाही, आपल्यापैकी कुणाचा दिसतही नाही. देऊन टाकू का?"

"नको," मी म्हणालो. "ठेवायला दिलाय. न्यायला यायचे आहेत."