टाकीमागं बोललेलं

आठवीत शाळा सुटली. हिंगोलीकडचं गाव सोडून शहराच्या कडेच्या चिखलीत आलो, जवळच्याच तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात लागलो, आणि मला भीती वाटायला लागली. शिफ्टला निघायची वेळ झाली की छाती धडधडायची, घास उतरायचा नाही. आईला फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणायचो. अर्धवट टाकलेलं ताट घरमालकीण मावशींच्या मात्र लक्षात यायचं. जेवण त्यांच्याच घरी होतं. मला ताप आला की त्या न मागता मऊ भात करायच्या.

मनाच्या त्रासावर मोबाइलवरून मदत मिळते, हे कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीनं सांगितलं. "दादा, मेसेज करायचा, समोरचं माणूस उत्तर देतं. नावसुद्धा सांगावं लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत आमच्या वर्गातले कितीतरी जण करतात." ती टीव्ही चालू असताना, चौघांत बसून अंगठ्यानं भराभर लिहायची. काय लिहितेय याचा कुणाला पत्ता लागत नसे.

मी मोबाइलवर ते उघडलं तर पहिलाच प्रश्न, त्रास कशाचा? अभ्यास, परीक्षा, मैत्री, घर, इतर. मी ‘इतर’ दाबलं. पुढं लिहायचं होतं. एक ओळ लिहीपर्यंत माझी दमछाक व्हायची. मग माइकचं बटण सापडलं. बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. पण बोलायचं कुठं? खोलीत आम्ही चौघं. "काय भावा, कोण पटली?" म्हणून महिनाभर चिडवलं असतं. म्हणून सुट्टीच्या दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसायचो.

एकदा तिकडून विचारलं, जवळचं कुणी आहे का तिथं? मी मोठ्यानं, स्पष्ट बोललो, "नाही. मला इथं कुणीच नाही." अक्षरं नीट उमटली का बघितलं, पाठवलं, मान वर केली तर समोर मावशी. हातात ओल्या कपड्यांची बादली. कपडे वाळत न घालताच त्या खाली गेल्या.

मी खोटं बोललो नव्हतो. त्या घडीला तसंच वाटत होतं. पण जिच्या हातचं खाऊन बोलायचं बळ आलं, तिच्याच कानावर ते पडावं? संध्याकाळी जेवायला जायला पाय उचलेना. शेवटी त्यांनीच हाक मारली, "ये रे, भाकरी गार होतीय."

"मावशी, ते दुपारचं मी..."

"जेव आधी." मग वाढता वाढता म्हणाल्या, "त्या मोबाइलात बोलून बरं वाटतं का पण?"

"वाटतं."

"मग आमच्या पोरीसारखं गपचूप लिहावं की."

"मला येत नाही भराभर."

"असं होय," म्हणाल्या आणि आमटी वाढली.

पुढच्या सुट्टीला मी वर जाणारच नव्हतो. त्यांनीच पिटाळलं, आणि स्वतः जिन्यात गवार निवडत बसल्या. माझ्या खोलीतला एक जण वर येऊ लागला तर त्याला म्हणाल्या, "थांब राजा, फरशी ओली हाय." फरशी खडखडीत कोरडी होती.

मी बारीक आवाजात बोलून बघितलं. माइकला कळेना, भलतीच अक्षरं येऊ लागली. मग सगळं मोठ्यानंच सांगितलं, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. धडधडीचं, कारखान्याचं, आईचं. ‘मला इथं कुणीच नाही’ हे आधीचं वाक्य तेवढं दुरुस्त करायला जीभ वळली नाही. खाली उतरताना त्यांनी पाय आवरून मला वाट दिली. ते वाक्य अजून तसंच आहे.