बटण बंद करून जाणारा माणूस

"दिवा, पंखा, मग आपण."

खुर्चीवरून उठताना ते हे पुटपुटायचे आणि एकेका बटणाला हात लावायचे. बंद झालेलं बटणही पुन्हा चाचपून बघायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ती डोकेदुखी वाटतात.

नौपाड्यातल्या त्या ऑफिसात मी झाडू, पाणी, चहा बघायची. शिक्षण चौथीपर्यंत. ते टायपिस्ट होते. टाइपरायटर गेला आणि त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला, तोही दुसऱ्या शाखेने वापरून टाकलेला. नाव आणि पासवर्ड टाकला की तो आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनला जोडला जायचा. सकाळी काही अडायचं नाही. अडायचं ते दुपारी.

दुपारच्या सुट्टीत ते कोपरीला घरी जायचे, पूल ओलांडून. बायको अंथरुणाला खिळलेली, डावी बाजू गेलेली. मूलबाळ नाही. तिला भरवायचं, कुशीवर वळवायचं आणि परत यायचं. दुसऱ्या कुणाच्या हातून ती घास घेत नसे. मी एकदा जाऊन भरवून बघितलं. तोंड फिरवलं तिने.

परत येऊन नाव टाकलं की मशीन नाही म्हणायचं. शेजारच्या टेबलावरची मुलगी पडद्यावरचं इंग्रजी वाचून सांगायची, "काका, या नावाचा माणूस आधीच आत बसलाय म्हणतंय."

"अगं, मग मी कोण? मी तर इथे घाम पुसतोय!"

आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. पुन्हा पुन्हा नाव टाकायचे. साहेबाला बोलवावं, तर तो येईपर्यंत मशीन मुकाट चालू झालेलं असायचं.

साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "घरून उशिरा यायचं आणि मशीनवर ढकलायचं? पुन्हा असं झालं तर तिकडे लांब मोहने गावच्या गोदामात पाठवीन. तिथे कॉम्प्युटरच नाही."

मोहन्याहून दुपारी कोपरीला कोण येणार? त्या दिवसापासून त्यांचा चहा टेबलावर गार व्हायला लागला.

"बाई, आज चालेल ना हो?"

"मला काय विचारता? मी फरशी पुसते."

डोंबिवलीहून इंजिनिअर यायचा. त्याने वायर बदलली, पासवर्ड बदलला, खोका उघडून धूळ झाडली. त्याच्यासमोर मशीन एकदम शहाणं. तो गेला की दुसऱ्या दुपारी तेच. शेवटी वैतागून तो जेवणाच्या सुट्टीतच येऊन बसला, स्वतःचा डबा घेऊन.

हे उठले. "दिवा, पंखा," आणि खाली वाकून भिंतीवरचं मशीनचं बटण खट् केलं.

इंजिनिअरचा घास हातातच राहिला. "काका, रोज असंच बंद करता?"

"मग? वीज जाळत ठेवू?"

"अहो, आत जाताना नाव सांगता, तसं निघताना बाहेर पडतो म्हणून सांगायचं असतं. तुम्ही बटण दाबून पळता. मोठ्या मशीनला वाटतं तुम्ही खुर्चीवरच आहात, म्हणून दुसऱ्यांदा आत घेत नाही. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच कळतं, म्हणून सकाळी अडत नाही."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि तसेच निघाले. तिची जेवायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून पुटपुटणं वाढलं. "आधी बाहेर, मग बटण, दिवा, पंखा, मग आपण." मशीन पुन्हा कधी अडलं नाही. मोहन्याचं नाव साहेबाने काढलं नाही. यांची भीती मात्र गेली नाही. साहेबाच्या टेबलावरचा फोन वाजला की ते खुर्चीतून अर्धे उठायचे.

एका सकाळी तो फोन त्यांच्यासाठीच आला. कोपरीच्या शेजाऱ्यांचा. "लगेच या." ते गेले. दिवा चालू, पंखा फिरतोय, पडद्यावर त्यांचं नाव, टेबलावर चष्मा. कशाला म्हणून हात लावला नाही.

ते पुलावर असतानाच ती गेली होती. पुढे ते भावाकडे गावी गेले. नोकरीवर आले नाहीत. का येतील?

फोन आला त्या दिवशी संध्याकाळी साहेब जाता जाता म्हणाला, "मावशी, ते मशीन बंद करा."

मी बटणापर्यंत वाकले आणि तशीच सरळ झाले. शेजारची मुलगी पर्स उचलत होती. तिला म्हटलं, "थांब गं. आधी यांना नीट बाहेर काढ."

तिने बटणं दाबली. पडद्यावरून नाव गेलं. मग मी मशीन बंद केलं. दिवा, पंखा. चष्मा पदराला पुसून खणात ठेवला.

तो न्यायला कुणी आलं नाही.