राज्य कुणावर?

"ती पिवळी इमारत म्हणजे शाळा. मुलगी चालत जाईल, मॅडम," एजंट गॅलरीतून बोट दाखवत म्हणाला. नवऱ्याची बदली झाल्यावर आम्ही आधी चांगली शाळाच शोधली. घर, पाणी, शेजार, सगळं त्यानंतर.

मी मात्र खाली बघत होते. सोसायटीतली मुलं पकडापकडी खेळत होती आणि आमची सई कडेला उभी होती.

"मी येऊ?" तिनं विचारलं.

"ये," एक मुलगी म्हणाली, "पण तू कच्चं लिंबू."

आमच्या जुन्या गल्लीत कच्चं लिंबू कोण, हे सई ठरवायची! इथे ती जीव खाऊन पळत होती आणि तिला कुणी पकडतच नव्हतं. शाळा निवडता येते, घर भाड्यानं मिळतं. पण पोरीला खेळात मोजलं जाणं आईबापांनी कुठून आणून द्यायचं?

"मग, पसंत ना?" एजंटनं विचारलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

खाली सई थांबली आणि ज्याच्यावर राज्य होतं त्या मुलापुढे आपणहून जाऊन उभी राहिली. तो तिला वळसा घालून पुढे पळाला.