बूच पोहायला निघते

मिठागरात तिला सगळे बूच म्हणत. काम संपलं की ती सरोवरात उताणी पडायची, पोटावर चहाचा पेला ठेवायची आणि एक थेंबही न सांडता तो रिकामा करायची. "बाटलीचं बूच बुडेल एकवेळ, ही बुडायची नाही," असं तिचा नवरा सांगत फिरायचा. आपल्याला पोहता येतं, याबद्दल तिच्या मनात तीळमात्र शंका नव्हती.

शंका होती ती ताईला. थोरली बहीण पलीकडच्या काठाला दिलेली, नदीच्या मुखाशी. या सरोवरात नदी येते, पण बाहेर पडत नाही. उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ मागे उरतं. त्यामुळे ताईच्या काठाला गोडं पाणी आणि भाजीचे मळे, तर बूचच्या काठाला मिठाचे वाफे, सोड्याचा कारखाना आणि गुडघे बरे व्हावेत म्हणून अंगाला चिखल फासून बसलेले पाहुणे. "तुमच्याकडे आलं की केसांचा झाडू होतो," या सबबीवर ताई लग्नानंतर धाकटीच्या घरी कधी फिरकलीच नव्हती. दरवेळी बूचच बसने सगळा काठ फिरून जायची आणि हे तिला फार लागायचं.

एकदा ताई म्हणाली, "तू कसली पोहतेस? मीठ तुला उचलून धरतं."

बूच पेटली. "तुझ्या दारापर्यंत पोहत आले तर?"

"तर येईन तुझ्याकडे राहायला. पण नावेला हात लावायचा नाही."

झालं. सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी सगळं मिठागर धक्क्यावर लोटलं. बूच पाण्यात उताणी पडली आणि दोन्ही हातांनी वल्ही मारत सुटली. मागे नवरा नावेत, सोबत चहाची किटली. काठाजवळचं गुलाबी पाणी सरलं, मधलं खोल हिरवं आलं, डोक्यावरून पक्ष्यांचा थवा कलकलत गेला. तिला इतका आनंद झाला होता, की ती आभाळाकडे बघून एकटीच हसत होती. ताई येणार, माझ्या घरी राहणार, माझ्या हातचं जेवणार.

"जरा दमानं घे," नवरा म्हणाला.

"तुम्ही वल्हवा हो, मागे पडताय."

पलीकडची झाडं मोठी झाली. पाणी गढूळ आणि गार लागायला लागलं. तिने ओठ चाटले, तर गोड. आणि तेवढ्यात तिच्या टाचा खाली गेल्या. मग कंबर गेली. आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याने तिला वाऱ्यावर सोडलं होतं. तिने हातपाय झाडले, नाकातोंडात पाणी गेलं. नवऱ्याने वल्हं पुढे केलं.

"अगं, धर."

"नाही."

ती पुन्हा खाली गेली. वर आली तेव्हा कुणीतरी तिचे केस गच्च धरले होते.

"उभी राहा," ताई ओरडत होती. "अगं येडे, उभी राहा."

बूच उभी राहिली. पाणी कंबरेएवढं होतं. नदीने वर्षानुवर्षं आणलेल्या गाळाने तिथला तळ केव्हाच वर आला होता. पण जिचे पाय मिठाने कधी खाली टेकूच दिले नाहीत, तिला पाण्याला तळ असतो हे सुचणार कसं?

काठावरचे लोक पोट धरून हसत होते. बूच खोकत म्हणाली, "नावेला हात नाही लावला मी."

ताई चांगल्या कपड्यांनिशी, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, अशी पाण्यात उभी होती. मग ती नावेकडे वळली.

"भावोजी, सरका जरा. मी येतेय तुमच्याकडे. हिला एकटीला पाण्यात सोडायची सोय राहिली नाही."

आणि ती तशीच ओलीचिंब नावेत चढली. बूचचे केस मात्र तिने अजून सोडले नव्हते.