रेडिएटर धुतला त्या दुपारी

आम्ही बौद्ध झालो त्याला थोडीच वर्षं झाली होती. मी वणीकडे जुना ट्रक चालवायचो. गाडी सारखी तापायची, म्हणून मी आणि माझा मिस्त्री एका शेतातल्या विहिरीवर रेडिएटर धुवायला थांबलो. शेतमालक मला ओळखत होता. म्हणाला, "पाणी घ्या, पन तू विहिरीले हात नको लावू."

मिस्त्री पाणी शेंदून आमच्या डब्यात टाकायचा, मी रेडिएटरमध्ये ओतायचो. धुण्याचा सोडा घालून इंजीन चालवलं, थंड झाल्यावर खालची तोटी सोडली. लालभडक गंज वाहत आला. निवळ पाणी येईपर्यंत आम्ही ओततच होतो.

माझा घसा कोरडा पडला होता. डबा सोड्यानं माखलेला, म्हणून मी ओंजळ पुढे केली. मालकानं शेंदायची बादली उचलून बाजूला घेतली. "गाडीचं काम झालं ना? आता निंगा."

मिस्त्री कधीच पाणी पिऊन बसला होता. तोंड पुसत म्हणाला, "चाल, वणीत पिऊ."

"तू त पेला ना," मी म्हटलं. तो गाडीत जाऊन बसला.

हाच माणूस रोज माझ्या डब्यातली भाकर खायचा. दुसऱ्या दिवसापासून मी एकटा जेवू लागलो. त्यानं कारण विचारलं नाही.